मिळालेला पैसा आपला केव्हां होतो ?

क्रेडिट कार्ड व क्रिप्टो-चलन यांतील विक्रेत्याची जोखीम

माल विकला, पैसा हातीं आला, म्हणजे सौदा पुरा झाला, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. रोख नाण्याच्या व्यवहारांत ती बरोबरही आहे. बाजाराच्या दिवशीं भाजीची पाटी विकून ज्यानें नोटा खिशांत घातल्या, त्याच्याकडे चार महिन्यांनीं त्या नोटा परत मागावयास कोणी येत नाहीं. परंतु हल्लीं पैसा पुष्कळ वेळां नोटेच्या रूपानें न येतां वहींतील एका नोंदीच्या रूपानें येतो. आणि जी नोंद करतां येते ती पुसतांही येते. ती कोणीं, किती दिवसांपर्यंत व कोणत्या कारणासाठीं पुसावी, याचे नियम प्रत्येक प्रकारच्या पैशास निरनिराळे आहेत. ते ठाऊक नसलेला विक्रेता माल देऊन बसतो, आणि पुढें एके दिवशीं आपल्या खात्यांतून रक्कम वजा झालेली पाहून चकित होतो.

हा विषय शहरांतील दुकानदारांचा आहे, आम्हां शेतकऱ्यांचा त्याच्याशीं काय संबंध, असें कोणी म्हणेल. परंतु रत्नागिरी व देवगड भागांतील कित्येक बागाईतदार आतां हापूसच्या पेट्या दलालाकडे न धाडतां इंटरनेटवरून मागणी घेऊन थेट गिऱ्हाइकाच्या घरीं पोंचवितात. काजू, गूळ, हळद, बेदाणे, मध हे जिन्नसही त्याच वाटेनें जाऊं लागले आहेत. अडत्याची अडत वांचली हें उत्तम झालें. पण खरेदीदार खरा कीं खोटा, पैसा वसूल होतो कीं बुडतो, ही जी जोखीम अडत्या आपल्या अंगावर घेत असे, तीही अडतीबरोबर आपल्या पदरीं आली आहे. म्हणून जो शेतकरी स्वतःच्या मालाचा स्वतः दुकानदार झाला, त्यानें दुकानदाराचें हें शास्त्रही शिकून घेतलें पाहिजे.

प्रस्तुत लेखांत दोन टोंकांच्या पैशांचा विचार करावयाचा आहे. एक क्रेडिट कार्ड, ज्याचा पैसा गिऱ्हाइकाच्या तक्रारीवरून परत फिरूं शकतो. दुसरें बिटकॉइनसारखें क्रिप्टो-चलन, ज्याचा पैसा एकदां आला कीं परत जात नाहीं असें त्याचे पुरस्कर्ते सांगतात. पहिल्यांतील धोका कसा येतो, व दुसऱ्यांत तो खरोखरच नाहींसा होतो काय, हें पाहूं.

जुन्या हुंडींतील धडा

प्रश्न मुळांत जुनाच आहे. पेढ्यांवर हुंड्या चालत असत तेव्हां कांहीं हुंड्या 'शाहजोग' म्हणून लिहीत. अशा हुंडीचे पैसे बाजारांत पत असलेल्या 'शहा'च्याच हातीं द्यावयाचे. आणि पुढें ती हुंडी बनावट किंवा चोरीची ठरली, तर पैसे उचलणाऱ्या शहानें ते व्याजासह परत करावयाचे, असा रिवाज होता व न्यायालयांनींही तो मानला. दुसऱ्या प्रकारची हुंडी अशी असे कीं, जो ती आणून दाखवील त्यास पैसे द्यावे. तेथें पैसे देणारा मोकळा होई, व ज्याची हुंडी हरवली किंवा चोरीस गेली तो बुडे. सन १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टानें देशी भाषांतील हुंड्यांचे असे स्थानिक रिवाज कायम ठेविले.

यांत लक्षांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, दोन्ही रीतींत लबाडीची शक्यता सारखीच होती. फरक एवढाच होता कीं, लबाडी झाल्यास नुकसान कोणीं सोसावें. पहिल्या रीतींत पैसा घेणाऱ्यानें, दुसरींत पैसा बाळगणाऱ्यानें. क्रेडिट कार्ड हें पहिल्या जातीचें आहे, क्रिप्टो-चलन दुसऱ्या जातीचें.

क्रेडिट कार्डाचा पैसा कसा परत जातो

कार्डाच्या व्यवहारांत चार पक्ष असतात : कार्डधारक गिऱ्हाईक, त्यास कार्ड देणारी बँक, विक्रेता, आणि विक्रेत्याची बँक. व्हिसा, मास्टरकार्ड, रुपे यांसारखी संस्था या दोन बँकांस जोडते व नियम घालून देते. गिऱ्हाइकानें कार्डावर खरेदी केली म्हणजे त्याची बँक विक्रेत्याच्या बँकेस रक्कम देते, व आपली दलाली कापून घेऊन विक्रेत्याची बँक ती त्याच्या खात्यांत जमा करते. विक्रेत्यास वाटतें, पैसा आला. वास्तविक तो अटीवर आलेला असतो.

गिऱ्हाइकानें आपल्या बँकेकडे तक्रार केली कीं ही खरेदी मीं केलीच नाहीं, किंवा माल पोंचला नाहीं, किंवा माल सांगितल्यासारखा नव्हता, तर बँक तीच रक्कम उलट दिशेनें मागते. यास व्यापारांत 'चार्जबॅक' म्हणतात. विक्रेत्याच्या खात्यांतून रक्कम वजा होते, शिवाय तक्रारीच्या कामाबद्दल फी आकारली जाते. विक्रेत्यास पुरावा सादर करण्याची संधि मिळते. परंतु तोंवर पैसा त्याच्या हातून गेलेला असतो, व शाबितीचा बोजा त्याच्याच शिरावर असतो. ज्याच्या विक्रींत अशा तक्रारींचें प्रमाण ठराविक मर्यादेपलीकडे जाईल त्यास दंड होतो, व अखेर कार्ड घेण्याची सोयच बंद केली जाते.

ही रीत ग्राहकाच्या संरक्षणासाठीं मुद्दाम निर्माण केलेली आहे. अमेरिकेंत सन १९७४ च्या फेअर क्रेडिट बिलिंग ॲक्टानें कार्डधारकास हिशेबांतील चुकीबद्दल ६० दिवसांच्या आंत लेखी हरकत घेण्याचा हक्क दिला. दुसऱ्यानें चोरून वापरलेल्या कार्डाबद्दल कार्डधारकाची जबाबदारी ५० डॉलरपलीकडे जाऊं नये हा कायदा त्याआधीं झालेला होता. त्याच सन १९७४ सालीं इंग्लंडांत कन्झ्यूमर क्रेडिट ॲक्ट झाला. त्याच्या ७५ व्या कलमान्वयें, १०० पौंडांहून अधिक व ३०,००० पौंडांपर्यंत किंमतीच्या वस्तूबाबत विक्रेत्यानें करार मोडल्यास कार्ड देणारी बँकही त्याच्याबरोबर जबाबदार धरली जाते. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेनें ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानें असें ठरविलें कीं, त्रयस्थाच्या लबाडीनें पैसे गेल्यास व ग्राहकानें तीन कामकाजाच्या दिवसांत कळविल्यास त्याची जबाबदारी शून्य समजावी. ग्राहकाच्या दृष्टीनें हें सर्व न्याय्यच आहे. आपणही कधीं ग्राहक असतों, व तेव्हां याच नियमांचा आधार घेतों.

विक्रेत्यास जाच होतो तो मुदतीचा. व्हिसा व मास्टरकार्ड यांच्या नियमांप्रमाणें बहुतेक तक्रारींस सुमारें १२० दिवसांची मुदत असते. कापड किंवा भांडें विकणारा निदान वस्तु परत मागूं शकेल. आंबा काय परत मागणार ? वैशाखांत गेलेल्या पेटीबद्दल श्रावणांत तक्रार आली, तर आंबे खाऊन संपलेले असतात, पेटी मोडून चुलींत गेलेली असते, आणि मिळालेल्या पैशाचें खत व मजुरी होऊन गेलेली असते. आंबा डागी होता कीं निर्मळ होता हें सांगावयास साक्षीदारही उरत नाहीं. नाशवंत मालाच्या विक्रेत्यास चार्जबॅकचा धोका इतरांहून अधिक भोंवतो तो या कारणानें.

दुसरी गोष्ट, सर्वच तक्रारी चोरांकडून येतात असें नाहीं. खऱ्या गिऱ्हाइकानेंच माल घेऊन पुढें नाकारणें, घरांतील मुलानें केलेली खरेदी बापास न आठवणें, किंवा हिशेबाच्या कागदावर बागेच्या ओळखीच्या नांवाऐवजीं भलतेंच नांव छापून आल्यामुळें गिऱ्हाइकाचा गोंधळ होणें, हीं कारणें नित्याचीं आहेत.

भारतांत दिलेल्या कार्डांवर इंटरनेटवरून खरेदी करतांना सन २००९ पासून दुसरी खूण पटवावी लागते. हल्लीं ती बहुधा भ्रमणध्वनीवर येणाऱ्या आंकड्यानें पटवितात. अशी खूण पटली असल्यास 'मीं खरेदी केलीच नाहीं' या तक्रारीचा भार सामान्यतः कार्ड देणाऱ्या बँकेवर जातो. परंतु 'माल पोंचला नाहीं' किंवा 'माल वाईट निघाला' या तक्रारींस हें कवच नाहीं. आणि परदेशीं दिलेल्या कार्डांस ही सक्ति लागू नाहीं. म्हणजे दुबई, लंडन किंवा न्यू जर्सी येथील गिऱ्हाइकानें गांवच्या नातेवाइकांस पेटी धाडण्यासाठीं तिकडच्या कार्डावर पैसे भरले, तर विक्रेत्यानें अधिक सावध राहावें.

नुकसानीचा हिशेब

एक पैसा परत गेला म्हणजे किती नुकसान होतें, याचा पुष्कळांस अंदाज नसतो. समजा, पेटीची किंमत २,००० रुपये असून सर्व खर्च जातां तींत २०० रुपये उरतात. एका पेटीचे पैसे उलटले, तर विक्रेत्याचे नुसते २०० रुपये जात नाहींत. पेटीवर झालेला १,८०० रुपयांचा खर्च जातो. तो भरून काढण्यास दुसऱ्या नऊ पेट्यांचा नफा लागतो, व तक्रारीची फी धरल्यास दहाव्या पेटीचाही कांहीं भाग लागतो. अर्थात् दहांत एक या प्रमाणानें पैसे उलटले, तर संपूर्ण हंगाम फुकट गेला असें समजावें. जेथें नफ्याचें प्रमाण थोडें, तेथें उलटलेल्या पैशाचा घाव खोल जातो. आणि शेतमालांत तें प्रमाण बहुधा थोडेंच असतें.

न उलटणारा पैसा

विक्रेत्याची ही अडचण बिटकॉइनच्या जन्माच्या वेळींच पुढें मांडली गेली होती. ३१ ऑक्टोबर २००८ रोजीं सातोशी नाकामोतो या टोपणनांवानें जो निबंध प्रसिद्ध झाला, त्याच्या आरंभींच असा युक्तिवाद आहे कीं, बँकांना तंटे सोडवावे लागतात म्हणून त्यांचा कोणताही पैसा पूर्णपणें अपरिवर्तनीय होऊं शकत नाहीं. तंट्यांच्या खर्चामुळें लहान व्यवहार परवडत नाहींत. आणि पैसा उलटण्याच्या भीतीनें विक्रेत्यास गिऱ्हाइकाची नसती चौकशी करावी लागते. यावर उपाय म्हणून ३ जानेवारी २००९ पासून बिटकॉइनची वही सुरू झाली.

ही वही कोणा एका पेढीची नाहीं. जगभरच्या हजारों संगणकांवर तिची एकेक प्रत असते. सरासरीनें दर १० मिनिटांस नव्या व्यवहारांचें एक पान तींत जोडलें जातें. त्या पानास 'ब्लॉक' म्हणतात. प्रत्येक पान मागील पानाशीं गणितानें असें शिवलेलें असतें कीं, जुनें पान बदलावयाचें झाल्यास त्यानंतरचीं सर्व पानें नव्यानें लिहावीं लागतात, व त्यास अतोनात वीज व यंत्रें लागतात. तक्रार ऐकणारा मुनीम येथें नाहींच. म्हणून 'माल वाईट होता, पैसे परत फिरवा' असें म्हणण्यास ठिकाण नाहीं.

तथापि पैसा आल्याबरोबर पक्का होतो असें मात्र नाहीं. एकच नाणें दोघांस देण्याचा प्रयत्न करतां येतो, यास 'दुबार खर्च' म्हणतात. आपला व्यवहार ज्या पानावर लिहिला गेला त्यावर जितकीं अधिक पानें चढतील तितका तो पक्का. नाकामोतोच्या निबंधांत याचें गणित दिलें आहे. फसवणाऱ्याच्या हातीं एकूण यंत्रबळाचा दहावा हिस्सा असेल, तर धोका हजारांत एकाहून कमी होण्यास ५ पानें, म्हणजे सुमारें ५० मिनिटें, थांबावें लागतें. तें बळ शेंकडा ३० असेल तर २४ पानें, म्हणजे ४ तास. आणि शेंकडा ४५ असेल तर ३४० पानें, म्हणजे दोन दिवसांहून अधिक. व्यवहारांत बिटकॉइनसाठीं ६ पानांची रीत पडली आहे. दुकानीं उभ्या असलेल्या गिऱ्हाइकास तासभर कोण थांबविणार ? पण टपालानें माल धाडणाऱ्यास ही अडचण नाहीं. पेटी बांधीपर्यंत पानें चढून जातात.

उलटण्याच्या तीन वाटा

'न उलटणारा पैसा' हा शब्द ऐकून हुरळून जाऊं नये. कारण प्रत्यक्षांत हाही पैसा उलटलेला आहे.

पहिली वाट कच्च्या नोंदीची. व्यवहार जाहीर झाला पण अजून कोणत्याही पानावर चढला नाहीं, अशा स्थितींत तोच पैसा अधिक शुल्क देऊन दुसरीकडे वळविण्याची सोय बिटकॉइनच्या नियमांतच आहे. सबब कच्ची नोंद पाहून माल देणें म्हणजे न वटलेल्या चेकवर माल देणें होय.

दुसरी वाट वहीच दुभंगण्याची किंवा दुभंगविण्याची. सन २०१३ च्या मार्च महिन्यांत बिटकॉइन चालविणाऱ्या संगणकांवरील नव्या व जुन्या आज्ञावलींत मेळ न राहिल्यामुळें कांहीं तास दोन वह्या चालू राहिल्या; तेवढ्यांत एका पैसे स्वीकारणाऱ्या कंपनीवर सुमारें १०,००० डॉलरचा दुबार खर्च झाला. तो प्रयोग म्हणून केलेला होता, परंतु वाट उघडी आहे हें दिसून आलें. लहान चलनांवर तर उघड दरोडेच पडले. ज्याच्या हातीं निम्म्याहून अधिक यंत्रबळ येईल तो मागचीं पानें फाडून नवीं लिहूं शकतो. सन २०१८ च्या मे महिन्यांत 'बिटकॉइन गोल्ड' या चलनावर अशा रीतीनें सुमारें १ कोटि ८० लक्ष डॉलरची लूट झाली. सन २०१९ च्या जानेवारींत 'इथेरियम क्लासिक'वर सुमारें ११ लक्ष डॉलरचा दुबार खर्च आढळला, व सन २०२० च्या ऑगस्टांत त्याच चलनाची वही तीनदां पुन्हां उलटविण्यांत आली.

तिसरी वाट पंचांच्या ठरावाची. सन २०१६ च्या जूनमध्यें 'द डीएओ' या इथेरियमवरील सामायिक निधींतून एका हल्लेखोरानें सुमारें ३६ लक्ष ईथर काढून घेतले. तेव्हां चालकांनीं व बहुसंख्य वापरणाऱ्यांनीं मिळून २० जुलै २०१६ रोजीं नियमच बदलले व तो पैसा परत फिरविला. ज्यांना हें पटलें नाहीं ते जुन्याच वहीवर राहिले. तिचेंच नांव 'इथेरियम क्लासिक'. नोंद कदापि उलटूं नये या तत्त्वासाठीं जी वही वेगळी राहिली, तीच पुढें यंत्रबळ थोडें असल्यामुळें दरोडेखोरांनीं उलटविली, हें ध्यानांत धरण्यासारखें आहे. नोंदीचा पक्केपणा चलनाच्या जाहिरातींत नसून त्याच्या पाठीमागच्या बळांत असतो.

'स्थिर नाणीं' म्हणून जीं डॉलरशीं बांधलेलीं क्रिप्टो-चलनें निघालीं आहेत, त्यांत तर बहुधा नाणीं काढणारी एक कंपनीच असते. तिला वाटेल त्या खात्यांतील नाणीं ती गोठवूं शकते. त्यांपैकीं 'यूएसडीसी' हें नाणें, त्याच्या ठेवींपैकीं ३३० कोटि डॉलर बुडालेल्या सिलिकॉन व्हॅली बँकेंत अडकल्यामुळें, सन २०२३ च्या मार्चमध्यें कांहीं काळ ९० सेंटांच्याही खालीं गेलें होतें.

पैसा राहिला, किंमत गेली

विक्रेत्याच्या दृष्टीनें याहूनही मोठा धोका भावाचा आहे. पैसा परत गेला नाहीं तरी त्याची किंमत जाऊं शकते. १२ मार्च २०२० रोजीं बिटकॉइनचा भाव एका दिवसांत तिसऱ्या हिश्शाहून अधिक उतरला. त्या दिवशीं ज्यानें माल विकून नाणें जवळ ठेविलें, त्यास शंभरांतील तीस-पस्तीस तक्रारी एकदम आल्यासारखें झालें.

संगणकावरील खेळ विकणाऱ्या 'स्टीम' या मोठ्या अमेरिकन दुकानाचा अनुभव या बाबतींत बोधप्रद आहे. सन २०१६ सालीं त्यानें बिटकॉइन घेण्यास सुरुवात केली तेव्हां एका व्यवहाराचें शुल्क सुमारें २० सेंट होतें. सन २०१७ च्या अखेरीस तें २० डॉलरच्या घरांत गेलें. शिवाय पैसा पोंचेपर्यंत भाव बदले, म्हणजे गिऱ्हाइकाकडून कमी किंवा जास्त आलेला फरक मिटविण्यास पुन्हां तेवढेंच शुल्क. शेवटीं ६ डिसेंबर २०१७ रोजीं दुकानानें बिटकॉइन घेणें बंद केलें. एवढ्या मोठ्या दुकानासही हा उपाय रोगापेक्षां जड झाला. मध्य अमेरिकेंतील एल् साल्व्हादोर देशानें सन २०२१ च्या सप्टेंबरांत सर्व व्यापाऱ्यांवर बिटकॉइन घेण्याची सक्ति केली; सन २०२५ च्या जानेवारींत कायदा बदलून ती काढून टाकावी लागली.

आणखी एक बाजू आहे. पैसा परत न येण्याची भीति गिऱ्हाइकासही असते. अनोळखी बागाईतदारास आगाऊ पैसे भरतांना तो धजतो, कारण कार्डाच्या मागें बँक उभी आहे हें त्यास ठाऊक असतें. ती हमी काढून घेतली तर विक्रेत्याची जोखीम गिऱ्हाइकाच्या डोक्यावर जाते. आणि गिऱ्हाईक ती मुकाट्यानें घेत नाहीं. तो एक तर भाव पाडून मागतो, नाहीं तर ओळखीच्या दुकानाकडेच वळतो. पत नसलेल्या नव्या विक्रेत्याचें यांत अधिक नुकसान होतें.

आपल्या देशांतील स्थिति

क्रिप्टो-चलन हें भारतांत कायदेशीर चलन नाहीं. तें स्वीकारण्यास कोणी बांधलेला नाहीं. रिझर्व्ह बँकेनें ६ एप्रिल २०१८ रोजीं बँकांस या व्यवहारापासून दूर राहण्याचा हुकूम केला होता. तो सर्वोच्च न्यायालयानें ४ मार्च २०२० रोजीं रद्द केला. परंतु सन २०२२ पासून अशा मालमत्तेच्या हस्तांतरणांतील नफ्यावर शेंकडा ३० कर बसला आहे, तोटा दुसऱ्या उत्पन्नांतून वजा मिळत नाहीं, व व्यवहारावर शेंकडा १ कर मुळांतच कापावयाचा असतो. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाहीं, म्हणून त्या मालाबद्दल घेतलेल्या नाण्याच्या पुढील वाढीवरही कर नाहीं, अशी समजूत कोणीं करून घेऊं नये. निर्यातीच्या मालाचा पैसा तर अधिकृत बँकेमार्फतच देशांत आणावा लागतो. तेथें हा मार्ग चालणार नाहीं.

यूपीआयनें आलेला पैसा देणाऱ्यास स्वतः परत ओढतां येत नाहीं, हें खरें. परंतु फसवणुकीनें लुटलेला पैसा ज्या ज्या खात्यांतून फिरला तीं खातीं, १९३० या क्रमांकावर तक्रार येतांच, तपासासाठीं गोठविलीं जाऊं शकतात. कोणी अनोळखी इसम क्रिप्टो-नाणीं घेऊन त्याबद्दल आपल्या खात्यांत रुपये भरतो, तेव्हां ते रुपये कोणाच्या घरांतून आले हें आपणांस कळत नाहीं. मग नाणें न उलटणारें असून काय उपयोग ? तें गेलेलें असतें, आणि त्याचे रुपये बँकेंत अडकलेले असतात.

मधला मार्ग

व्यापाऱ्यांनीं या पेंचावर तोडगा फार पूर्वींच काढला आहे. परदेशीं द्राक्षें किंवा डाळिंबें धाडणारे निर्यातदार 'लेटर ऑफ क्रेडिट' वापरतात. सन २००७ पासून लागू असलेल्या यूसीपी ६०० या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणें तें अपरिवर्तनीय असतें : जहाजाची बिल्टी, विम्याचा कागद वगैरे ठरलेलीं कागदपत्रें बिनचूक सादर झालीं कीं बँकेनें पैसे दिलेच पाहिजेत, व कागद बरोबर नसतील तर ते देण्यास ती बांधलेली नाहीं. पैसा केव्हां अडावा व केव्हां सुटावा हें सौद्याआधींच ठरलेलें असतें.

क्रिप्टो-चलनांतही याच तत्त्वाचें कुलूप आहे. पैसा तीन किल्ल्यांच्या पेटींत ठेवितात व त्यांपैकीं कोणत्याही दोन लागल्या तरच ती उघडते. एक किल्ली गिऱ्हाइकाकडे, एक विक्रेत्याकडे, एक पंचाकडे. तंटा नसेल तर पहिले दोघेच पेटी उघडतात. असेल तर पंच ज्याच्या बाजूनें कौल देईल त्यास पैसा मिळतो. येथें पाहण्यासारखें हें कीं, ज्या मुनीमास घालवून देण्यासाठीं ही वही निघाली, त्यास पंचाच्या रूपानें पुन्हां बोलवावें लागलें. मालाबद्दल तंटा होण्याची शक्यता असेल तेथें निवाडा करणारा कोणी तरी लागतोच. गणित नाण्याची चोरी ओळखील, आंब्याचा डाग ओळखणार नाहीं.

विक्रेत्यानें काय करावें

पैसा कोणत्याही रूपानें येवो, विक्रेत्यानें तीन प्रश्न विचारावे : हा पैसा किती दिवसांपर्यंत उलटूं शकतो ? उलटविण्याचा निर्णय कोण करतो ? आणि त्या वेळीं माझ्यापाशीं कोणता पुरावा असेल ? या प्रश्नांचीं उत्तरें समजून घेतल्यास पुढील गोष्टी आपोआप सुचतात.

कार्डावर माल विकतांना पेटी बंद करण्यापूर्वीं तारखेसह छायाचित्र घ्यावें, बिल्टी व पोंचल्याची सही किंवा खूण निदान सहा महिने जपून ठेवावी. माल खराब निघाल्यास किती दिवसांत कळवावें हें विक्रीआधींच स्पष्ट लिहावें. बँकेच्या हिशेबांत आपल्या बागेचें ओळखीचें नांव छापून येईल अशी व्यवस्था करून घ्यावी. एवढ्या एका गोष्टीनें पुष्कळ तक्रारी टळतात. तक्रार खरी असेल तर बँकेची वाट न पाहतां स्वतःच पैसे किंवा दुसरी पेटी द्यावी. त्यांत फी वांचते व गिऱ्हाईक टिकतें. मोठ्या मागणीस विसार व बाकीची रक्कम माल उतरतांना, ही जुनी रीत अजूनही उत्तम आहे. आणि कार्डावर आलेल्या रकमेचा कांहीं भाग हंगाम संपल्यावरही चार महिने वेगळा ठेवावा. सगळाच पैसा पेरणींत घातला, म्हणजे ऐन पावसाळ्यांत आलेली तक्रार सावकाराच्या दारीं नेते.

क्रिप्टो-चलन कोणी देऊं केल्यास कच्च्या नोंदीवर माल देऊं नये, लहानसहान चलनें घेऊंच नयेत, आणि कर व बँक यांचे नियम जाणणाऱ्याचा सल्ला घेतल्याशिवाय या वाटेस जाऊं नये. मोठ्या चलनांची वही उलटण्याचा धोका थोडा आहे हें कबूल केलें पाहिजे; परंतु त्याच्या बदल्यांत भावाचा, कराचा व खातें गोठण्याचा जो धोका विक्रेत्यावर येतो, तो चार-दोन चार्जबॅकांहून जड आहे.

सारांश, जोखमीवांचून व्यापार नाहीं. पैशाचें रूप बदललें म्हणजे जोखीम नाहींशी होत नाहीं, तिची जागा बदलते. आपल्या मालाचा नाशवंतपणा, नफ्याचें प्रमाण व गिऱ्हाइकाची ओळख या तिहींचा विचार करून, कोणत्या मालास कोणता पैसा घ्यावा हें ज्याचें त्यानें ठरवावें; मात्र तें पेटी बांधण्यापूर्वीं ठरवावें.